उद्योजकतेची मास्टर्स पदवी: तिथे नेमकं शिकवतात काय?

१९८०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांनी वस्तू घडवण्याची एक नवी रीत काढली. पावडरीचा पातळ थर पसरायचा आणि त्यावर हव्या तेवढ्याच जागी, प्रिंटर शाई सोडतो तसे, चिकटद्रवाचे थेंब सोडायचे. तेवढा भाग घट्ट होतो. मग त्यावर दुसरा थर, मग तिसरा. आज आपण ज्याला थ्रीडी प्रिंटिंग म्हणतो, त्याच्या मूळ पद्धतींपैकी ही एक. तिचं पेटंट झालं आणि ती वापरून व्यवसाय करायला निरनिराळे लोक पुढे आले. स्कॉट शेन या अभ्यासकाने अशा आठ गटांचा माग काढला आणि आपले निष्कर्ष २००० साली मांडले.

एका गटाला त्यात धातू ओतायचे सिरॅमिकचे साचे दिसले. दुसऱ्याला औषधाच्या गोळ्या, तिसऱ्याला उद्योगांत लागणारे फिल्टर, चौथ्याला कृत्रिम हाड. शोध एकच होता, तरी प्रत्येकाला संधी वेगळी दिसली, आणि ती कोणती दिसली हे तो माणूस आधी कशात मुरलेला होता यावर ठरलं. शेजारच्या गटाला जे लख्ख दिसत होतं, ते त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

उद्योजकता आणि इनोव्हेशन या विषयात मास्टर्स करावी का, असं कोणी विचारलं की मी आधी ही गोष्ट सांगते. कारण या पदवीविषयीचे दोन मोठे गैरसमज त्यात एकदमच गळून पडतात. पहिला, की धंदा रक्तातच असावा लागतो. दुसरा, की कोर्स केला की कल्पना सुचायला लागतात. त्या आठ गटांना जे दिसलं ते रक्तातून आलेलं नव्हतं आणि वर्गातूनही नव्हतं. वर्षानुवर्षं एखाद्या कामात घातलेल्या डोक्यातून आलं होतं. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? कोर्स पोहरा देतो, दोर देतो, पाणी कसं ओढायचं ते दाखवतो. हे काही कमी नाही, पण ते काय आहे हे समजून घेतलेलं बरं.

आधी दोन शब्दांकडे वळू, कारण ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात.

शोध आणि इनोव्हेशन यांत फरक आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज अमेरिकेतल्या न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघालं. त्यावर ५८ कंटेनर होते. ही कल्पना राबवणारे माल्कम मॅकलीन मूळचे ट्रक वाहतुकीतले. मालाची मोठी पेटी हा काही शोध नव्हता, पेट्या त्याआधीही होत्या. पण पेटी ट्रकवरून थेट जहाजावर चढावी यासाठी क्रेन बदलाव्या लागल्या, जहाजं बदलावी लागली, बंदरं आणि तिथल्या कामाची रीत बदलावी लागली. पुढे पेट्यांची मापं जगभर सारखी करावी लागली. ही सगळी जुळवाजुळव म्हणजे इनोव्हेशन. अर्थतज्ज्ञ जोसेफ शुम्पीटर यांनी १९११ साली नेमकं हेच म्हटलं होतं: जे आहे त्याचीच नवी जोडणी. नवी वस्तू, उत्पादनाची नवी पद्धत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत किंवा उद्योगाची नवी रचना. प्रयोगशाळेत झालेला शोध कोणाच्या वापरात आलाच नाही, तर या अर्थाने ते इनोव्हेशन ठरत नाही.

उद्योजक कोण, याचं सगळ्यात जुनं आणि मला अजूनही सगळ्यात आवडणारं उत्तर अठराव्या शतकातले अर्थविचारवंत रिशार कान्तियों यांचं आहे. त्यांचा ग्रंथ १७५५ साली, त्यांच्या मृत्यूनंतर छापला गेला. त्यात उद्योजक म्हणजे ठरलेल्या भावाने घेणारा आणि न ठरलेल्या भावाने विकणारा. खर्च आज पक्का, उत्पन्न उद्याच्या हवाली. एवढ्या एका वाक्यात या विषयाचा गाभा येतो.

हा गाभा म्हणजे अनिश्चितता. अर्थतज्ज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ साली जोखीम आणि अनिश्चितता यांत एक रेघ ओढली, आणि मास्टर्सच्या पहिल्या सत्रात ती विद्यार्थ्याच्या डोक्यात पक्की बसायला हवी. फासा टाकला तर सहा पडण्याची शक्यता किती, हे सांगता येतं, ती जोखीम. विमा कंपन्या जोखमीवरच चालतात, कारण मागच्या हजारो प्रसंगांचा हिशेब त्यांच्याकडे असतो. पण जी वस्तू आजवर कोणी विकलेलीच नाही, ती किती जण घेतील? इथे मागचा हिशेबच नाही. फाशाला किती बाजू आहेत हेच माहीत नाही. नाइट म्हणतात, खरा नफा इथूनच येतो, कारण जे मोजता येतं त्याचा विमा कोणीही उतरवेल.

एमबीए आणि ही पदवी यांतला फरक इथे उलगडतो. एमबीएचा बराचसा भाग चालू असलेलं यंत्र नीट चालवण्याचा आहे: विक्रीचे आकडे आहेत, ग्राहक आहेत, मागच्या पाच वर्षांचे ताळेबंद आहेत, आता निर्णय घ्या. उद्योजकतेत यातलं काहीच हाताशी नसतं. संस्थांचे अभ्यासक जेम्स मार्च यांनी १९९१ साली संस्थांबद्दल एक फार उपयोगी मांडणी केली. प्रत्येक संस्थेला दोन कामं करावी लागतात: हाती आहे त्याचा पुरेपूर वापर करायचा आणि नवं धुंडाळत राहायचं. दोन्हीसाठी पैसा आणि माणसं तीच असतात, आणि पहिल्याचं फळ लवकर व खात्रीने मिळत असल्यामुळे दुसरं कायम मागे पडतं. ज्यांना स्वतःची कंपनी काढायची नाही, मोठ्या संस्थेतच नवं काही करायचं आहे, त्यांच्यासाठी या अभ्यासक्रमाचा इनोव्हेशनचा अर्धा भाग याच ओढाताणीबद्दल असतो. आणि या पदव्या घेणाऱ्या सगळ्यांनाच काही कंपनी काढायची नसते, हेही इथेच सांगून टाकते.

आता वर्गात चला.

सगळ्यात जास्त घाम निघतो तो ग्राहकांशी बोलण्यात. उद्योजक आणि शिक्षक स्टीव्ह ब्लँक यांनी मांडलेल्या पद्धतीवर अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशन या संशोधनाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेने २०११ साली शास्त्रज्ञांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. त्यात प्रत्येक चमूने काही आठवड्यांत सुमारे १०० मुलाखती घ्यायच्या असतात. अनेक मास्टर्स अभ्यासक्रमांत हीच रीत लहान प्रमाणात वापरतात. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात पहिल्या मुलाखती जवळजवळ सगळ्यांच्या फसतात, आणि एकाच कारणाने फसतात.

समजा, वयस्कर माणसांना औषधाच्या वेळांची आठवण करून देणारं ॲप बनवायचं आहे. विद्यार्थी एका काकूंना विचारतो, “तुमच्या आईच्या औषधांची आठवण करून देणारं ॲप असलं, तर वापराल का?” काकू म्हणतात, “हो, छान कल्पना आहे.” विद्यार्थी वहीत बरोबरची खूण करतो. ही खूण निरुपयोगी आहे. काकूंनी समोरच्या मुलाचं मन राखलंय, त्यांच्या वागण्याबद्दल त्यातून काहीच कळलेलं नाही.

दुसऱ्यांदा तोच विद्यार्थी विचारतो, “आईची गोळी शेवटची कधी चुकली?” काकू थोडा विचार करतात. “गोळी चुकत नाही हो. मीच देते ना. घोळ होतो तो डॉक्टरांनी औषध बदललं की. जुनी पाकिटं घरातच असतात, नावं सारखी वाटतात.” मग काय करता? “भावाला फोटो पाठवते, तो सांगतो कुठली टाकायची.” या तीन वाक्यांत ॲपची मूळ कल्पना कोसळली आणि खरी अडचण हाती लागली. विसरणं हा प्रश्नच नव्हता, जुन्या-नव्या औषधांची सरमिसळ हा होता. आणि काकूंनी त्यावर स्वतःचा तोडगाही काढलेला आहे, म्हणजे अडचण खरी आहे. ‘वापराल का’ याऐवजी ‘मागच्या वेळी काय केलंत’ असं विचारणं, आणि उत्तर येईपर्यंत आपल्या कल्पनेचं नावही न काढणं, एवढंच हे कौशल्य. पण ते अंगवळणी पडायला महिने जातात, आणि माझ्या मते या पदवीतून मिळणारी सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे.

सिद्धान्तांपैकी एकाबद्दल तरी सविस्तर सांगायला हवं. उद्योजकतेच्या संशोधक सरस सरस्वती यांनी नोबेलविजेते हर्बर्ट सायमन यांच्या मार्गदर्शनाखाली २७ अनुभवी उद्योजकांचा अभ्यास केला. त्यांच्यापुढे एका काल्पनिक उत्पादनाचे प्रश्न ठेवले आणि सांगितलं, जे मनात येईल ते मोठ्याने बोलत सोडवा. २००१ साली त्यावर त्यांचा लेख आला. पुस्तकी पद्धत सांगते: आधी ध्येय ठरवा, बाजार मोजा, मग साधनं गोळा करा. हे लोक उलट्या बाजूने सुरुवात करत होते. मी कोण, मला काय येतं, मी कोणाकोणाला ओळखतो, यातून आज काय करता येईल? परतावा किती मिळेल यापेक्षा, बुडालं तर किती बुडालेलं मला झेपेल, हा त्यांचा प्रश्न असायचा. बाजारपेठेचा सर्व्हे करण्याआधी ते पहिल्या ग्राहकाला गाठून त्यालाच भागीदार करायला बघायचे.

या अभ्यासाबद्दल एक शंका वर्गात निघायलाच हवी, आणि चांगल्या वर्गात ती निघते: हे सगळे यश मिळवलेले लोक होते. हीच रीत वापरून बुडालेले किती, ते यातून कळत नाही. तरीही ‘झेपेल एवढंच नुकसान’ ही कसोटी मला फार माणुसकीची वाटते. घर गहाण टाकणं म्हणजेच हिंमत, ही समजूत तिच्यामुळे सुटते.

पैशांच्या तासाला मुलं घाबरतात, पण त्यातलं गणित शाळकरी आहे. दोन संस्थापक, प्रत्येकी ५० टक्के. गुंतवणूकदार येतो. त्याला २० टक्के हवेत, शिवाय पुढे येणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी १० टक्के राखून ठेवा म्हणतो. उरले ७०, म्हणजे प्रत्येकी ३५. वर्षाने दुसरी फेरी होते आणि नवा गुंतवणूकदार पुन्हा २० टक्के घेतो. आता जुन्या प्रत्येकाचा वाटा पाचव्या हिश्शाने आक्रसतो: संस्थापक प्रत्येकी २८, पहिला गुंतवणूकदार १६, कर्मचारी ८, नवा २०. दोन्ही संस्थापकांचे मिळून ५६. आणखी अशी एक फेरी झाली की ते ४५च्या खाली जातात, आणि आपलीच कंपनी आपल्या बहुमतात राहत नाही. यात कोणी कोणाला फसवलेलं नसतं. फक्त पहिल्याच दिवशी कागदावर तीन फेऱ्या मांडून पाहिलेल्या नसतात.

गुंतवणुकीच्या करारात याहून बारीक अक्षरांत एक कलम असतं: कंपनी विकली तर गुंतवणूकदाराचे पैसे आधी परत. त्याने २० टक्क्यांसाठी २० लाख घातले आणि कंपनी पुढे ३० लाखांनाच विकली गेली, तर त्याच्या वाट्याला ६ लाख येत नाहीत. तो आधी २० लाख घेतो आणि बाकी सगळ्यांत मिळून १० लाख वाटले जातात. त्याच्या बाजूने हे रास्तही आहे, पैसे त्याचे अडकले होते. पण सही करणाऱ्याला ते सहीपूर्वी कळायला हवं. संस्थापकांनी आपापसात करायचा करारही तेवढाच महत्त्वाचा. शेअर एकदम न देता चार वर्षांत हळूहळू पदरात पडावेत, आणि पहिलं वर्ष पुरं व्हायच्या आत सोडून जाणाऱ्याला काहीच मिळू नये, अशी सर्रास पद्धत आहे. ती न पाळल्यामुळे आठ महिन्यांत निघून गेलेल्या मित्राच्या नावावर अर्धी कंपनी राहते. मैत्री घट्ट असतानाच हे लिहून काढायचं असतं. बिनसल्यावर कोणी लिहून देत नाही.

पेटंटबाबत एकच इशारा देते, कारण तो विद्यार्थ्यांनाच सगळ्यात जास्त भोवतो. बहुतेक देशांत शोध आधी जाहीर झाला तर त्याचं नवेपण संपतं आणि पेटंट मिळत नाही. परिषदेत वाचलेला पेपर, सगळ्यांना खुला असलेला प्रबंध, स्पर्धेच्या मंचावर केलेलं सादरीकरण, हे सगळं जाहीर करणंच आहे. काही देश वर्षभराची सवलत देतात, पण तिच्यावर विसंबू नये. आधी अर्ज, मग भाषण. आणि विद्यापीठाची साधनं वापरून लागलेल्या शोधावर हक्क कोणाचा, हे प्रवेश घेतानाच विचारून ठेवावं.

इनोव्हेशन पसरतं कसं, याचा अभ्यास एका जुन्या उदाहरणापासून सुरू होतो. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात संकरित मक्याचं बियाणं १९२८च्या सुमारास आलं आणि १९४१पर्यंत अभ्यासलेल्या गावांतल्या जवळपास सगळ्या शेतकऱ्यांनी ते स्वीकारलं. रायन आणि ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९४३ साली त्यावर लिहिलं. बियाणं उघडच सरस होतं, तरी एवढी वर्षं लागली. शेतकरी आधी जमिनीच्या लहानशा तुकड्यावर पेरून बघत. नव्या बियाण्याची बातमी विक्रेत्यांकडून कळायची, पण मन वळायचं ते शेजाऱ्याचं शेत पाहून. एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ साली याच धाग्यावरून स्वीकारणाऱ्यांचे पाच गट पाडले, ज्यांतला सगळ्यात पुढे असलेला गट अवघा अडीच टक्क्यांचा. पहिले शंभर ग्राहक पटकन मिळाले आणि पुढचे हजार मिळेनात, असं का होतं, ते यातून समजतं. ते शंभर वेगळ्या मनाचे लोक असतात.

मग हे सगळं शिकून फरक पडतो का? यावर श्रद्धेने बोलण्यापेक्षा प्रयोग पाहू. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये या विषयाचा पहिला कोर्स १९४७ साली माइल्स मेस यांनी घेतला, पण शिकवण्याचा परिणाम नीट मोजला गेला तो बराच उशिरा. नेदरलँड्समधल्या एका महाविद्यालयीन कार्यक्रमाचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थी वर्षभर छोटी कंपनी चालवत, आणि शेवटी त्यांची उद्योजक होण्याची इच्छा कमी झाली होती! अनेकांनी याला अपयश म्हटलं. मला तसं वाटत नाही. हे आपलं काम नव्हे, हे वर्गात कळणं कर्ज काढल्यावर कळण्यापेक्षा कितीतरी बरं.

दुसरा प्रयोग टोगो देशाच्या लोमे शहरातला, २०१७ साली प्रसिद्ध झालेला. १५०० छोट्या व्यावसायिकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एकाला हिशेब, विक्री वगैरे नेहमीचं प्रशिक्षण. दुसऱ्याला स्वतःहून पुढाकार घेण्याचं, अडथळ्यांचा आधीच विचार करण्याचं, वेगळं काही करून पाहण्याचं. तिसऱ्याला काहीच नाही. पुढाकार शिकलेल्या गटाचा नफा ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीचं प्रशिक्षण घेतलेल्यांत ठोस म्हणावा असा फरक दिसला नाही. तिसरा प्रयोग इटलीतल्या ११६ नवख्या स्टार्टअपवरचा, २०२०चा. दोन्ही गटांना प्रशिक्षण मिळालं, पण एका गटाला शास्त्रज्ञासारखं वागायला शिकवलं: अंदाज स्पष्ट लिहा, तो खोटा कशाने ठरेल ते आधी ठरवा, मग तपासा. या गटाने कल्पना जास्त वेळा बदलल्या आणि कामगिरीही सरस केली.

तिन्ही एकत्र ठेवले की दिसतं, की शिकवल्याने फरक पडतो, पण काय शिकवता त्यावर. व्यवसाय आराखड्याचा साचा भरून घेणाऱ्या कोर्सपेक्षा विद्यार्थ्याला स्वतःच्या कल्पनेवर उलटतपासणी करायला लावणारा कोर्स निवडावा.

कधी करावा? अमेरिकेतल्या कंपन्यांचा एक मोठा अभ्यास २०२० साली आला. सगळ्यात वेगाने वाढलेल्या, हजारांत एक अशा कंपन्या सुरू करणाऱ्यांचं सरासरी वय सुरुवातीच्या वेळी ४५ होतं, आणि त्याच क्षेत्रात आधी काम केलेल्यांना यशाची शक्यता जास्त होती. पुन्हा ते आठ गट आठवतात. म्हणून पदवी हातात पडल्या-पडल्या मास्टर्सला धावणाऱ्या मुलांना मी दोन-तीन वर्षं एखाद्या क्षेत्रात मुरून यायला सांगते. इंजिनिअर, नर्स, शेतीतज्ज्ञ, शिक्षक यांनी केलं तर याचं सोनं होतं, कारण त्यांना आतल्या अडचणी ठाऊक असतात.

युरोपात ही पदवी साधारण ६० ते १२० क्रेडिटची, म्हणजे एक ते दोन वर्षांची असते, आणि शेवटी प्रबंध किंवा प्रत्यक्ष प्रकल्प करायचा असतो. पीएचडी हे मात्र निराळं काम आहे. तिथे उद्योजकांवर संशोधन करायला शिकवतात. कंपनी काढायची म्हणून कोणी तिच्या वाटेला जाऊ नये.

कोर्स निवडताना माहितीपत्रकातली यशोगाथांची पानं उलटून पुढे जा. दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठा आणि विचारा: तिथे असताना किती अनोळखी लोकांशी बोललात? कोणती कल्पना सोडून दिलीत आणि कशामुळे? शिकवणाऱ्यांपैकी कोणी स्वतः पगार द्यायची वेळ आल्यावर रात्र जागून काढली आहे का? पहिल्या दोन प्रश्नांना तपशिलात उत्तर आलं, तर त्या वर्गात काम होतं असं समजा.

अर्जासोबतचा निबंध लिहायला बसाल तेव्हाही तेच. ‘लहानपणापासून काहीतरी वेगळं करायची आवड होती’ ही ओळ निवड समितीने इतक्यांदा वाचलेली असते की डोळे तिच्यावर थांबतसुद्धा नाहीत. त्याऐवजी तुमच्या कामातली एक अडचण लिहा, ती कोणाला भेडसावते, तुम्ही किती जणांशी बोललात, काय करून पाहिलंत, त्यात किती पैसे आणि किती महिने गेले, आणि कितव्या माणसाशी बोलल्यावर तुमचं मत बदललं.